ओट्सचा डबाही द्राक्षासारखाच तपासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नाश्त्याच्या ओट्समध्ये तणनाशकाचा किती अंश उरतो, हे अमेरिकेत एका स्वयंसेवी संस्थेने पदरमोड करून तपासले. ऑगस्ट २०१८ मध्ये एन्व्हायर्न्मेंटल वर्किंग ग्रुपने प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत सेंद्रिय नसलेल्या ४५ नमुन्यांपैकी ४३ मध्ये ग्लायफोसेट हे तणनाशक सापडले. तिकडे, विशेषतः कॅनडात, ते फक्त तणावर मारत नाहीत. उभे पीक एकसारखे वाळावे म्हणून काढणीच्या तोंडावरही फवारतात. मग दाण्यात अंश उतरला तर नवल काय?

आकडे नीट वाचायला हवेत. सर्वांत वाईट नमुन्यांत किलोमागे १ मिलिग्रॅमच्या थोडे वर ग्लायफोसेट होते. अमेरिकी कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. तपासणाऱ्या संस्थेची स्वतःची सुरक्षिततेची कसोटी मात्र ०.१६ मिलिग्रॅमची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेटला 'बहुधा कर्ककारक' म्हटले, अमेरिकेच्या पर्यावरण खात्याला ते मान्य नाही. तो वाद शास्त्रज्ञ घालोत. पण ब्रँडच्या नावानिशी निकाल बाहेर आले, आणि २०२० मध्ये केलॉग्जला काढणीपूर्व फवारणीचा माल २०२५ अखेरपर्यंत बंद करू, असे सांगावे लागले.

मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. निर्यातीच्या प्लॉटमध्ये प्रयोगशाळेचा माणूस स्वतः येतो, ओळीओळीतून घड काढतो, पिशवी सील करतो. आम्ही नेऊन दिलेला नमुना चालत नाही, आणि ते योग्यच आहे. रेसिड्यू, म्हणजे फवारणीचा उरलेला अंश, मर्यादेपेक्षा जास्त निघाला तर त्या प्लॉटचा माल युरोपला जात नाही. ही शिस्त आम्ही २०१० मध्ये ठेच खाऊन शिकलो. वाढ रोखायला वापरलेल्या क्लोरमेक्वाटचे (आमच्याकडचे लिहोसिन) अंश सापडले, युरोपात कंटेनर अडकले, बागायतदार कर्जात गेले. हे तणनाशक नव्हे, पण गंमत बघा: तेच क्लोरमेक्वाट ओट्स तपासणाऱ्या त्याच एन्व्हायर्न्मेंटल वर्किंग ग्रुपला २०२४ मध्ये अमेरिकेतल्या बहुतेक ओट्स उत्पादनांत आढळले!

आता आपल्याकडचे बघू. भारतातही बाहेरून ओट्स येतात. डब्याच्या पाठीवर फायबर, प्रथिने, साखर सगळे छापलेले असते. रेसिड्यूबद्दल चकार शब्द नाही. ग्लायफोसेटवर केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये निर्बंध आणले खरे, पण ते इथल्या फवारणीपुरते. परदेशात फवारून आलेल्या दाण्याला ते कसे लागू होणार? आयात डाळींत ग्लायफोसेट तपासण्याचे आदेश अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिले होते, म्हणजे इच्छा असली की होते.

स्वतंत्र तपासणीवर कंपन्या आरडाओरडा करणारच. २००३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने शीतपेयांतली कीटकनाशके दाखवली तेव्हाही केला. शरद पवारांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त संसदीय समितीने ते निष्कर्ष बरोबर ठरवले.

द्राक्षांच्या रेसिड्यूसाठी देशाची संदर्भ प्रयोगशाळा पुण्याजवळ मांजरीला आहे. अन्न व औषध प्रशासनाने पुणे, मुंबई, नाशिकच्या दुकानांतून ओट्स, मुसली, कॉर्नफ्लेक्सचे डबे विकत घ्यावेत, अशा सक्षम प्रयोगशाळेत तपासावेत आणि निकाल ब्रँड व बॅच क्रमांकासह संकेतस्थळावर टाकावेत. कंपनीने स्वतः पाठवलेला नमुना मात्र धरू नये.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार, ता. निफाड, जि. नाशिक