वस्तीची गाडी आणि खर्जाचा माणूस

चॅटनूगा, टेनेसी
कोजागिरीच्या आधीचा रविवार

तीर्थरूप आप्पांस,
दत्ताचा शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तिकडं भजन-बिजन असतं का रे?" मी "असतं" म्हणेपर्यंत आईने दुधाच्या बिलाचा विषय काढला आणि उत्तर राहूनच गेलं. म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, चष्मा घेऊन बसा.

आमच्या शिफ्टला एक म्हातारा आहे, सगळे त्याला पॉप्स म्हणतात. चर्चमध्ये गातो. बोलायला लागला की रिकामा ड्रम गडगडल्यासारखं वाटतं. त्याने मला गाडीत घातलं आणि अडीच तासांवर पिजन फोर्ज नावाच्या डोंगरातल्या गावी नेलं. तिथे दरवर्षी गाणाऱ्या चौकड्यांचं संमेलन भरतं, नॅशनल क्वार्टेट कन्व्हेन्शन. आपल्या नामसप्ताहासारखं दिवसचे दिवस गाणं, फक्त पंगत नाही, बर्गर विकत घ्यावा लागतो. सगळी पांढऱ्या केसांची माणसं. मी कोणत्या देवाचा, हे कोणी विचारलं नाही. शेजारच्या आजींनी त्यांच्या चर्चला यायचं आमंत्रण मात्र दोनदा दिलं.

या गाण्याला सदर्न गॉस्पेल म्हणतात, म्हणजे इथल्या दक्षिणेकडचं ख्रिस्ती भजन. चौघे उभे राहतात, एक पियानो असतो. आपल्या भजनात पन्नास माणसं असली तरी चाल एकच. इथे चौघांचे चार सूर, एकाच वेळी. वरचा टेनर, चाल धरणारा लीड, मधला बॅरिटोन आणि तळाचा बास. बास म्हणजे आपला खर्ज.

हे शिकवायची जुनी रीत तुम्हाला आवडेल. पुस्तकात प्रत्येक स्वराला वेगळा आकार. 'सा'च्या जागी त्रिकोण, 'प' गोल, 'ध' चौकोन. शेतकरी माणसं दहा-पंधरा दिवसांच्या गायनशाळेत आकार ओळखून गायला लागायची. जेम्स व्हॉन नावाचा टेनेसीतलाच एक प्रकाशक अशी पुस्तकं छापायचा. ती खपावीत म्हणून त्याने १९१० मध्ये चार गायक पगारावर ठेवून गावोगाव धाडले. हा सगळा धंदा तिथून सुरू झाला. अभंगाच्या पुस्तिका विकायला कोणी दिंडीच काढावी, तसं.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहायला घेतलं तो माणूस. जे. डी. सम्नर. जन्म १९२४ चा, फ्लोरिडातल्या लेकलंडचा. येता-जाता पॉप्सने गाडीत फक्त त्याचीच गाणी लावली. सम्नरचा आवाज इतका खाली जायचा की सगळ्यांत खालच्या सुरासाठी त्याचं नाव कित्येक वर्षं गिनेस बुकात होतं. पियानोच्या पार डाव्या टोकाला असतात, तसले सूर. तो सूर कानापेक्षा सीटमधून जास्त कळतो. आप्पा, खरं सांगतो, मला पहिल्यांदा गाडीचं बेअरिंग गेलं असं वाटलं.

पण तुम्हाला सांगायची गोष्ट आवाजाची नाही, बसची आहे.

त्या काळी मेम्फिसचे ब्लॅकवुड ब्रदर्स म्हणजे पहिल्या नंबरची चौकडी. जून १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या टीव्ही कार्यक्रमात ते जिंकले, देशभर नाव झालं. त्यांच्याकडे स्वतःचं छोटं विमान होतं. त्याच महिन्याच्या ३० तारखेला अलाबामातल्या क्लँटन गावी कार्यक्रम होता. आधी धावपट्टीचा अंदाज घ्यावा म्हणून त्यांच्यातल्याच आर. डब्ल्यू. ब्लॅकवुडने विमान वर नेलं, सोबत बास गाणारा बिल लाइल्स आणि गावातला एक पोरगा. उतरताना विमान कोसळलं. तिघेही गेले. आर. डब्ल्यू.चा चुलता जेम्स, जो चौकडीचा कणा होता, तो खाली उभा राहून बघत होता.

लाइल्सच्या जागी सम्नर आला. मेलेल्या माणसाच्या जागी उभं राहून त्याचीच ओळ गायची, हे काय असेल ते असो. विमान बंद झालं. मोटारीत पाच माणसं, कपडे, पुस्तकं, रेकॉर्डी कोंबून रात्र-रात्र जायचं म्हणजे गळ्याची वाट. तेव्हा सम्नरने जुनी प्रवासी बस घेऊन तिच्यातली आसनं काढून झोपायची सोय करायची कल्पना लढवली. १९५५ ची गोष्ट. आज इकडे प्रत्येक गाणारा-वाजवणारा बंक असलेल्या बसमधून फिरतो, आणि त्याचं श्रेय बहुतेक जण सम्नरलाच देतात. पिजन फोर्जच्या सभागृहामागे अशा बस ओळीने उभ्या होत्या, डेपोत असतात तशा. मी गाणं सोडून तासभर तिकडेच. एका चालकाला सांगितलं, माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते, वस्तीच्या गाडीला टपावर झोपायचे. त्याने मला आत नेऊन बंक दाखवला. त्यात पडदा, दिवा, चार्जर. तुमच्या टपावर चांदणं होतं एवढंच म्हणालो.

हे संमेलनही मुळात सम्नरच्याच डोक्यातून निघालेलं, १९५७ ला मेम्फिसमध्ये पहिलं भरलं.

मेम्फिसवरून आठवलं. शम्मी कपूरला ज्याच्यावरून 'भारताचा एल्विस' म्हणायचे, तो गायक एल्विस प्रेस्ली तिथेच वाढला. गरीब घरचा पोरगा, या चौकड्यांच्या रात्र-रात्र चालणाऱ्या गाण्याला यायचा. एकदा आला नाही. सम्नरने नंतर विचारलं तर म्हणाला, तिकिटाला पैसे नव्हते. तेव्हापासून त्याला मागच्या दाराने फुकट आत घ्यायचं, असं सम्नर स्वतः सांगायचा. एल्विसची आई १९५८ मध्ये गेली, तेव्हा ब्लॅकवुड मंडळी गायला होती, त्यांत सम्नर होता. पुढे तो स्टॅम्प्स क्वार्टेटमध्ये गेला. १९७१ पासून एल्विसने ती अख्खी चौकडी स्वतःमागे उभी केली. एल्विसच्या एका सिनेमात तो स्वतः गप्प बाजूला उभा राहतो आणि लोकांना म्हणतो, आता यांना ऐका. पॉप्सने मला ते मोबाइलवर दाखवलं. एवढा मोठा गाणारा, पण चेहरा तिकीट नसलेल्या पोराचाच. १९७७ च्या ऑगस्टमध्ये तो गेला, तेव्हाही गायला सम्नर होताच. आई आणि मुलगा, दोघांना त्याच खर्जाने निरोप.

एक गोष्ट मात्र पॉप्स स्वतःहून बोलत नाही, मी विचारल्यावर बोलला. हे गोऱ्यांचं गॉस्पेल. काळ्यांचं वेगळं, आणि यातलं बरंच काही त्यांच्याकडूनच आलेलं. सम्नरच्या तरुणपणी दक्षिणेत दोघांना एका सभागृहात शेजारी बसता येत नव्हतं. देव एक, बाकं वेगळी. आपल्याकडे हे समजावून सांगावं लागणार नाही. एल्विसच्या मंचावर मात्र स्टॅम्प्सबरोबर काळ्या बायकांचा स्वीट इन्स्पिरेशन्स हा संच गायचा.

सम्नर १९९८ च्या नोव्हेंबरमध्ये गेला, साउथ कॅरोलिनात, दौऱ्यावर असतानाच हॉटेलात. चौऱ्याहत्तरावा वाढदिवस तीन दिवसांवर होता. बस बाहेर उभी असणार.

आप्पा, लहानपणी मारुतीच्या देवळात भजनाला बसलं की मला तुमची लाज वाटायची. सगळे टाळकरी वर आणि तुम्ही मागच्या ओळीत भिंतीला टेकून खाली कुठेतरी 'सा' धरून बसलेले. गणू तात्यांची पोरं तुमची नक्कल करायची, आणि मीही एकदा केली. मला वाटायचं, तुम्हाला चाल येत नाही. परवा त्या सभागृहात बास गाणारा एक कडवं गप्प राहिला. वरचे तिघे सुरातच होते, पण गाणं पाण्यावर तरंगल्यासारखं हलायला लागलं. त्याने परत सूर धरला, तेव्हा मी भिंतीला टेकलो होतो. हे कधी फोनवर बोललो नसतो.

आता काम. पौर्णिमेनंतर काकडा सुरू होईल. बाळूला सांगून एक दिवस रेकॉर्डिंग करून पाठवा. पॉप्सला ऐकवायचंय, त्याला कबूल करून बसलोय. बाळू फोन पेटीजवळ ठेवेल, मग नुसता मृदंग आणि तात्या ऐकू येतात. मागे ठेवायला सांगा, भिंतीपाशी, तुमच्या मांडीवर.

आईला दुधाच्या बिलाचे पैसे गुरुवारी पाठवतो म्हणावं. बी.पी.ची गोळी सकाळचीच घ्या, काकड्याहून आल्यावर नको, जायच्या आधी.

तुमचा,
दत्ता