लाइम रोगाची ओळख एका वर्तुळापुरती नको

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

जंगलभ्रमंती, गिर्यारोहण आणि पक्षिनिरीक्षण यांविषयी वृत्तपत्रांतून आता पुष्कळ लिहिले जाते. वाट चुकणे, पाणी संपणे, साप किंवा अस्वल समोर येणे या धोक्यांची सूचना त्यात असते. गोचिडीची क्वचितच असते. तिच्या दंशातून होणाऱ्या लाइम रोगाचा, म्हणजे एका जिवाणूजन्य आजाराचा, उल्लेख आलाच, तर तो बहुतेक वेळा एका छायाचित्रापाशी थांबतो. गोऱ्या कातडीवर उठलेले लाल वर्तुळ, आत फिकट कडे आणि मधोमध पुन्हा लाल ठिपका. असे दिसले तर डॉक्टरांकडे जावे, एवढेच वाचकाच्या लक्षात राहते. ही माहिती खोटी नाही, पण अपुरी आहे, आणि आजार वेळेवर ओळखण्याच्या कामी ती काही वेळा आडवीही येते, असे माझे स्पष्ट मत असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

लाइम हे अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील एका लहान गावाचे नाव. त्या परिसरातील अनेक मुलांचे गुडघे सुजू लागले, तेव्हा बालसंधिवाताचे इतके रुग्ण एकाच ठिकाणी कसे, हा प्रश्न पॉली मरे आणि ज्युडिथ मेन्श या दोन मातांनी १९७५ मध्ये आरोग्य अधिकाऱ्यांपुढे लावून धरला. मरे यांनी आपल्या कुटुंबाच्या आणि शेजाऱ्यांच्या तक्रारींच्या तपशीलवार नोंदी ठेवल्या होत्या. त्यानंतर येल विद्यापीठाचे डॉ. ॲलन स्टीअर यांनी तपास हाती घेतला, आणि १९८१ मध्ये शास्त्रज्ञ विली बुर्गडॉर्फर यांना गोचिडींच्या आतड्यात या रोगाचे कारण असलेले मळसूत्री जिवाणू सापडले, ज्यांना पुढे त्यांचेच नाव मिळाले. आज हा रोग अमेरिकेचा ईशान्य आणि उत्तर-मध्य भाग, युरोपचा बराच प्रदेश, तसेच रशिया व ईशान्य आशियाच्या काही भागांत आढळतो. एकट्या अमेरिकेत दरवर्षी सुमारे ४ लाख ७६ हजार लोकांवर या रोगाचे उपचार होतात, असा तेथील रोगनियंत्रण केंद्राचा अंदाज आहे.

या रोगाचा दोष सहसा हरणांवर टाकला जातो. हरणांमुळे पूर्ण वाढलेल्या गोचिडींना रक्त मिळते आणि त्यांची संख्या वाढते हे खरे. परंतु गोचिडीच्या अंगात जिवाणू शिरतात ते मुख्यतः उंदीर आणि तत्सम लहान प्राण्यांच्या रक्तातून. नुकतेच अंड्यातून निघालेले पिल्लू अशा उंदराचे रक्त पिते, कात टाकते आणि पुढच्या वसंतात पुन्हा रक्ताच्या शोधात निघते. माणसाला सर्वाधिक धोका असतो तो या अर्धवट वाढलेल्या गोचिडीपासून. अमेरिकेत तिचा जोर साधारण मे ते जुलै या महिन्यांत, म्हणजे नेमका लोक जंगलात सर्वाधिक फिरतात तेव्हा असतो. आकाराने ती खसखशीच्या दाण्याएवढी असते आणि तिचा दंश दुखत नाही, म्हणून अनेक रुग्णांना आपल्याला कधी गोचीड चावल्याचे आठवतच नाही. ती उडत नाही, उडी मारत नाही, झाडावरून डोक्यावर पडतही नाही. गवताच्या किंवा झुडपाच्या टोकाशी पुढचे पाय पसरून ती वाट पाहत बसते आणि जाणाऱ्याच्या कपड्याला वा पायाला धरून वर चढते. त्यामुळे दाट अरण्याच्या गाभ्यात जाणाऱ्यानेच सावध राहावे असे नाही. जंगलाची कड, उंच गवत, पालापाचोळ्याचा थर आणि वनालगतच्या बागा याही तिच्या जागा आहेत.

या सगळ्यात माणसाच्या बाजूने एक गोष्ट आहे, आणि तीच सर्वांत कमी सांगितली जाते. जिवाणू गोचिडीच्या आतड्यात असतात. तिने रक्त प्यायला सुरुवात केल्यावर ते तिथून लाळग्रंथींपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. अमेरिकेतील अनुभवानुसार संसर्ग होण्यासाठी गोचीड साधारणपणे २४ तासांहून अधिक काळ चिकटलेली असावी लागते. याचा सरळ अर्थ असा की जंगलातून परतल्यावर त्याच दिवशी संपूर्ण शरीर नीट तपासणे हा या रोगावरचा सर्वांत स्वस्त आणि भरवशाचा उपाय आहे. काखा, जांघा, गुडघ्यांची मागची बाजू, कमरपट्ट्याखालची जागा, बेंबी, कानांमागे आणि केसांच्या मुळाशी हात फिरवून पाहावे. पाठ दुसऱ्या कुणाकडून पाहून घ्यावी आणि मुलांची तपासणी मोठ्यांनी करावी. गोचीड आढळल्यास टोकदार चिमट्याने तिला कातडीच्या अगदी लगत धरून, न पिळता, एकसारख्या जोराने सरळ वर ओढावे आणि जागा साबणाने धुवावी. तिच्यावर तेल, व्हॅसलीन किंवा रॉकेल ओतणे, जळती काडी टेकवणे हे प्रकार कटाक्षाने टाळावेत. त्यात वेळ जातो आणि चिडलेल्या गोचिडीची लाळ जखमेत उतरण्याची भीती राहते. गोचीड काढल्याची तारीख आणि ठिकाण लिहून ठेवावे. जोखमीच्या प्रदेशात ७२ तासांच्या आत डॉक्टर डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाची एकच प्रतिबंधक मात्रा देऊ शकतात, आणि त्या निर्णयासाठी ही नोंदच कामी येते. लांब बाह्यांचे कपडे, मोज्यांत खोचलेली विजार, कपड्यांवर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक आणि उघड्या त्वचेवर डीट हे कीटकांना दूर ठेवणारे औषध यांचा उपयोग होतोच, पण यांपैकी काहीही केले तरी संध्याकाळची तपासणी सुटू नये.

आता त्या वर्तुळाविषयी. दंशानंतर ३ ते ३० दिवसांत उठणारा चट्टा सुमारे ७० ते ८० टक्के रुग्णांतच दिसतो. तो दिवसागणिक पसरत जातो, ही त्याची खरी खूण. आत फिकट कडे असलेच पाहिजे असे नाही. पुष्कळदा तो सर्वत्र एकसारखा लालसर असतो. तो सहसा खाजत नाही, दुखत नाही, आणि गुडघ्यामागे किंवा पाठीवर असेल तर दृष्टीसही पडत नाही. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर तो लाल न दिसता तपकिरी, जांभळट किंवा केवळ गडद भासू शकतो. माहितीपत्रकांतील बहुतेक छायाचित्रे गोऱ्या त्वचेची असल्याने आपल्यासारख्या वर्णाच्या माणसाला स्वतःचा चट्टा ओळखू न येण्याची शक्यता अधिक, आणि मला हा दोष गंभीर वाटतो. चट्टा नसतानाही ताप, थंडी, डोकेदुखी, अंगदुखी आणि न उतरणारा थकवा जाणवत असेल, तर जंगलात जाऊन आलेल्या माणसाने तो प्रवासाचा शीण समजू नये.

रक्ततपासणीबाबतही असाच गैरसमज आहे. ही तपासणी जिवाणू शोधत नाही. त्यांच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधते, आणि ती तयार व्हायला काही आठवडे लागतात. त्यामुळे पहिल्या दिवसांतील अहवाल नकारात्मक आला म्हणजे रोग नाही असे ठरत नाही. जोखमीच्या प्रदेशातून आलेल्या रुग्णाच्या अंगावर तसा चट्टा असेल तर डॉक्टर अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करतात. या टप्प्यावर प्रतिजैविकांचा साधारण १० ते १४ दिवसांचा क्रम पुरतो आणि बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. उशीर झाल्यास चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे, हृदयाचे ठोके मंदावणे आणि महिन्यांनंतर गुडघा सुजणे इथवर मजल जाते.

घरी परतल्यावर आजारी पडणाऱ्याची अडचण आणखी वेगळी असते. जिथे हा रोग नाही तिथल्या डॉक्टरांच्या मनात तो येणार नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. म्हणून मागील काही आठवड्यांत आपण कोणत्या देशात, कोणत्या जंगलात होतो हे रुग्णाने विचारण्याची वाट न पाहता पहिल्याच भेटीत सांगावे.

उपचारानंतरही काहींना थकवा आणि सांधेदुखी कित्येक महिने सोसावी लागते. त्यांचे दुखणे खरे आहे आणि त्याची थट्टा होऊ नये. परंतु त्यासाठी महिनोन्महिने प्रतिजैविके घेण्याचा लाभ चाचण्यांत दिसून आलेला नाही, अपाय मात्र दिसला आहे. तशी आश्वासने देणाऱ्यांपासून रुग्णांनी दूर राहिलेले बरे.

आपल्या पर्यटन पुरवणीत लाइम रोग आढळणाऱ्या प्रदेशांतील जंगलांवर लेख छापला जाईल, तेव्हा त्यासोबत गोचिडीविषयी लहानशी चौकट द्यावी, ही माझी विनंती आहे. त्या चौकटीत चट्ट्याचे छायाचित्र घालायचे झाल्यास एक सावळ्या त्वचेवरचे आणि एक आत फिकट कडे नसलेले, अशी दोन्ही घालावीत.

आपला नम्र,
एक वाचक