चि. मुक्तास पत्र: हायबरनेटच्या खाली काय चालते

रामबाग, इंदूर

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

कंपनीत डेटाबेसचे सगळे काम हायबरनेट या जावाच्या फ्रेमवर्कवर होते, एसक्यूएल ही डेटाबेसची भाषा हाताने कोणी लिहीत नाही, मग जावातून डेटाबेसशी थेट बोलण्याची जेडीबीसी ही सोय शिकण्यात वेळ घालवावा का, असे तू विचारले आहेस. अवश्य घालवावा.

हायबरनेटला मी कमी लेखत नाही. २००१ मध्ये ते आले त्यापूर्वी कनेक्शन उघडणे, क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, पाठवणे, एकेक रकाना वाचून ऑब्जेक्टमध्ये भरणे आणि शेवटी सगळे आठवणीने बंद करणे, हा कोड प्रत्येक टेबलासाठी नव्याने लिहावा लागे. तो कंटाळवाणा भाग त्याने उचलला, हे उत्तमच झाले. परंतु ते काम आजही होतेच. खाली जेडीबीसीच चालते, फक्त तुला दिसत नाही.

समजा, राजवाड्याजवळच्या एखाद्या पतसंस्थेचे ५०० सभासद आहेत आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याच्या खात्यांची शिल्लक दाखवणारी यादी तुला करायची आहे. तू साधा लूप फिरवतेस, कोड सुबक दिसतो. पण खाती लेझी लोडिंगने, म्हणजे गरज पडेल तेव्हाच, येत असतील, तर सभासदांची एक आणि मग प्रत्येकाच्या खात्यांची एकेक, अशा ५०१ क्वेरी डेटाबेसकडे जातात. तुझ्या लॅपटॉपवर दहा नोंदींची चाचणी झटकन पार पडते, म्हणून हे लक्षात येत नाही. दोन टेबले जोडणारा जॉइन लावला तर तेच काम एका क्वेरीत होते. ज्याला एसक्यूएल येते, त्याला लॉगमध्ये माहिती मागणारी तीच ती सिलेक्टची ओळ पाहताच दुखणे कळते. ज्याला येत नाही, तो मोठा सर्व्हर मागत बसतो.

पैशांच्या व्यवहारात तर हे अधिकच जपायला हवे. जेडीबीसीत ऑटोकमिट, म्हणजे प्रत्येक बदल आपोआप पक्का करणे, मुळातच चालू असते, त्यामुळे एका खात्यातून रक्कम वजा होताच ती नोंद पक्की होते, आणि दुसऱ्या खात्यात जमा होण्यापूर्वी प्रोग्रॅम बंद पडला तर हिशेब बिघडतो. ऑटोकमिट बंद करणे, दोन्ही अपडेट झाल्यावर कमिट करणे आणि मध्येच काही चुकले तर रोलबॅक करून सगळे मागे घेणे, हे एकदा स्वतः लिहून पाहा, म्हणजे स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कमधले ट्रान्झॅक्शनल हे ॲनोटेशन, म्हणजे कोडवर लावायची खूण, तुझ्यासाठी काय करते ते समजेल. तसेच इंग्रजीत डिसूझा आडनाव लिहिताना मध्ये येणाऱ्या अपॉस्ट्रॉफीच्या चिन्हामुळे स्ट्रिंग जोडून बनवलेली क्वेरी कशी मोडते आणि मूल्ये वेगळी पाठवणाऱ्या प्रिपेअर्ड स्टेटमेंटमध्ये का मोडत नाही, हेही करून पाहा. बाहेरच्या माणसाला तुमच्या डेटाबेसमध्ये शिरायला नेमकी हीच फट पुरते.

मी नोकरीला लागले तेव्हा व्हिज्युअल बेसिकच्या फॉर्मवर डेटा कंट्रोल ठेवला की नोंदी दिसू लागत. तो मागे पडला. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेले, माहिती टेबलांत ठेवण्याचे रिलेशनल मॉडेल आणि १९८६ मध्ये प्रमाणित झालेली एसक्यूएल मात्र आजही तुझ्या टेबलावर आहेत.

म्हणून नव्या फ्रेमवर्कच्या कोर्सची फी इतक्यात भरू नकोस. तुमच्या प्रोजेक्टमधला एक लहानसा अहवाल घरी निव्वळ जेडीबीसीवर लिही, मग तोच हायबरनेटवर एसक्यूएल दाखवण्याची सेटिंग चालू करून चालव, आणि दोन्हीकडच्या क्वेरींना एक्सप्लेन, म्हणजे क्वेरी कशी चालेल ते सांगणारी आज्ञा, लावून इंडेक्स (नोंदी लवकर शोधण्याची सूची) कुठे वापरला जातो ते ताडून बघ. एक्सप्लेनचे उत्तर कळले नाही, तर रविवारी फोन करण्याआधी मला पाठवून ठेव. मी वाचून ठेवीन.

तुझी,
आई