दुकान संगणकावर चढवण्याआधी

प्रिय बाबू,
अनेक आशीर्वाद.

आपलं मसाल्याचं दुकान संगणकावर चढवण्याबद्दलचा तुझा लांबलचक ईमेल प्रिंट काढून वाचला. बाबांनी पहिलं पान वाचलं, "कितीला पडेल?" एवढंच विचारलं आणि पेपर उचलला. ॲप, वेबसाइट, घरपोच ऑर्डर, सणासुदीचे मेसेज, सगळं वाचायला छान आहे. पण क्रम उलटा लागलाय. तू शेवटच्या ओळीत उरकलेला 'स्टॉक' आधी यायला हवा. ॲप सगळ्यात शेवटी आलं तरी लालबागचं गिऱ्हाईक कुठे पळून जात नाही.

आपल्याकडे काहीच नाही असं धरून तू लिहिलंयस, ते खरं नाही. 1 जुलै 2017 ला जीएसटी लागला तेव्हाच आपली बिलं टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर गेली. मिरची 0904 मध्ये, धणे-जिरं 0909 मध्ये, हळद 0910 मध्ये, हे जीएसटीसाठीचे मालाचे एचएसएन आकडे मला आता झोपेतही सांगता येतील. दर महिन्याच्या 11 तारखेच्या आत विक्रीचं विवरण सीएकडून भरलं जातं. यूपीआयचं तर विचारूच नकोस. स्पीकरच्या डब्यातून पैसे आल्याचा आवाज आल्याशिवाय मामा पिशवी हातातून सोडत नाहीत, कारण जुना स्क्रीनशॉट दाखवून सटकणारे महाभाग इथेही येऊन गेलेत. म्हणजे गल्ल्याची बाजू बरी चाललीय. गोदामापासून मसाला कुटायच्या डंकापर्यंतचा कारभार मात्र अजून मामांच्या डोक्यात आणि माझ्या वहीत आहे, आणि पैसा गळतो तो तिथेच.

एक साधा हिशेब घे. 50 किलोचं मिरचीचं पोतं 300 रुपये किलोने आलं, म्हणजे 15,000 रुपये. देठ काढले, उन्हात वाळवली, भाजली, डंकावर कुटली, चाळली. समज, हातात 44 किलो पूड आली. मजुरी धरायच्या आधीच किलोला जवळपास 341 रुपये पडले. आता तू म्हणतोस तसलं तयार सॉफ्टवेअर 50 किलो मिरचीतून 50 किलो पूड जमा करेल आणि महिन्याअखेर सहा किलोंची चोरी दाखवेल. मग मामांकडे बोट. ही घट प्रत्येक मिरचीची वेगळी, नव्या मालाची वेगळी, कोल्ड स्टोरेजमधल्या जुन्या मालाची वेगळी. ती लॉटप्रमाणे, म्हणजे एका खेपेच्या मालाप्रमाणे, लिहायची सोय ज्यात नाही, ते सॉफ्टवेअर फुकट मिळालं तरी नको.

लॉट म्हटलं की दुसरी गोष्ट. पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षावाल्यांचा, 14 आकडी परवाना क्रमांक, बॅच आणि तारीख छापावीच लागते. आपण ती छापतो, पण त्या बॅचमधली मिरची कुठल्या व्यापाऱ्याच्या कुठल्या पोत्यातली, हे शोधायचं तर मला तीन वह्या काढाव्या लागतात. उद्या एखाद्या पाकिटात बुरशी निघाली तर तेवढीच बॅच परत मागवता आली पाहिजे, सगळा माल नाही.

आणि मालाची यादी करायला बसलास की डोकं धरशील. एकच मिरची, पण खरेदीच्या बिलावर 'ब्याडगी डिलक्स', आपल्या बोर्डावर 'बेडगी', मामांच्या तोंडी 'सुरकुतीची'. संगणकाच्या लेखी हे तीन माल झाले. एक शून्यावर, एक उण्यात आणि एक भरपूर शिल्लक! शिवाय खरेदी पोत्यात, विक्री किलोत आणि खडा मसाला तोळ्यात मागणाऱ्या आजीबाई अजून येतातच. ही यादी मी आणि मामा बसून करू, तू करू नकोस. तुला तिरफळ आणि त्रिफळा यांतला फरक कळेपर्यंत पावसाळा उजाडेल.

आता चिठ्ठ्यांबद्दल. तुझ्या ईमेलमध्ये त्यांचा उल्लेखच नाही, आणि माझ्या मते आपलं खरं भांडवल तेच आहे. काउंटरखालच्या पत्र्याच्या डब्यात गिऱ्हाइकांची घरगुती प्रमाणं आहेत. कुणाचा आगरी, कुणाचा मालवणी, कुणाचा सीकेपी, आणि त्यातही सासूचा वेगळा, सुनेचा वेगळा. एका चिठ्ठीवर "ब्याडगी 2 किलो, लवंगी पाव, धणे अर्धा, दगडफूल नेहमीसारखं" असं आहे. आता हे 'नेहमीसारखं' म्हणजे किती, ते फक्त मामांना ठाऊक! या चिठ्ठ्या नीट वजनासकट चढव. मोबाईल नंबर टाकला की त्या घरचं प्रमाण समोर यावं, यंदाच्या भावाने किंमत निघावी आणि तेवढा माल गोदामातून वजा व्हावा. बाई रांगेत उभी राहून जायपत्री किती घालायची ते आठवत बसते, तो वेळ वाचेल. फेब्रुवारीत एकदा सगळी प्रमाणं बेरजेला घातलीस तर हंगामाला कुठली मिरची किती लागेल याचा अंदाजही मिळेल, निदान नेहमीच्या गिऱ्हाइकांपुरता. भाव चढायच्या आधी खरेदी करता आली तर तुझं सॉफ्टवेअर बाबांना आपोआप आवडेल.

मात्र ते नंबर मसाल्यासाठी दिलेले आहेत. त्यांवर न विचारता दिवाळीच्या शुभेच्छा आणि दहा टक्के सूट पाठवायची नाही. वैयक्तिक माहितीचा कायदाही 2023 मध्ये झालाय, आणि कायदा नसता तरी मी नकोच म्हटलं असतं.

काटा संगणकाला जोडायची तुझी कल्पना मला पटली. वजन हाताने लिहिलं की 4.350 चं 4.530 व्हायला वेळ लागत नाही. पण काटा उघडून त्यात काही खुडबुड करू देऊ नकोस, वैधमापनवाल्यांचा, म्हणजे काटे तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, शिक्का असतो त्यावर. आणि जोडण्याआधी मामांशी तू स्वतः बोल. संशय म्हणून हे सगळं चाललंय असं त्यांना वाटलं तर ते तोंडाने काही बोलणार नाहीत, नुसते गप्प होतील, आणि मग नोंदी निम्म्याच होतील. प्रत्येकाला वेगळं लॉगिन दे, मलाही. फाडलेलं बिल कुणालाच पुसता येऊ नये. रद्द करायचं तर कारण लिहूनच, बाबांनीसुद्धा.

सगळं क्लाउडवर टाकू म्हणतोस, टाक. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा आपल्या वह्या माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या. संगणक माळ्यावर ठेवून बिलं फाडता येत नाहीत. पण 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी अख्ख्या मुंबईची वीज गेली होती तेही विसरू नकोस. इंटरनेट नसताना बिल निघालं पाहिजे आणि नेट आल्यावर ते आपोआप वर गेलं पाहिजे. बॅकअप घेतला जातो असं नुसतं सांगू नकोस, महिन्यातून एकदा तो उघडून दाखव.

विकणाऱ्यांना भेटशील तेव्हा आणखी एक विचार. पुढे त्यांचं सॉफ्टवेअर सोडलं तर आपला सगळा डेटा एक्सेलमध्ये परत मिळतो का? जो "तशी वेळच येणार नाही सर" म्हणेल, त्याला चहा पाजून पाठवून दे.

आणि हो, ते सगळे तुला 1 एप्रिलला सुरू करा म्हणतील, नवं आर्थिक वर्ष म्हणून. अजिबात ऐकू नकोस. मार्च ते मे दुकानात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा नवीन बटणं कोण शिकणार? जूनमध्ये गर्दी ओसरली की दोन दिवस दुकान अर्धं बंद ठेवू, गोदामातलं एकूण एक पोतं तोलू आणि तिथून आकडे टाकू. तोवर तीस-चाळीस चिठ्ठ्यांवर करून बघ. त्यांचे फोटो मामांचा मुलगा तुला शनिवारी पाठवतोय. जिथे अक्षर लागणार नाही तिथे अंदाजाने भरू नकोस, मला फोन कर, पण दुपारी तीननंतर.

तुझी,
आई