‘तर’ आणि ‘तरच’

प्रिय मनू,

काल फोनवर तू एलएसॅटचा, म्हणजे लॉ स्कूलच्या प्रवेशपरीक्षेचा, जो प्रश्न वाचून दाखवलास, तो रात्रभर डोक्यातून जाईना. ‘ज्या कंपनीचा नफा वाढतो, ती नवी माणसं घेते. या कंपनीने नवी माणसं घेतली. म्हणजे तिचा नफा वाढलाय.’ यातली चूक म्हणून तू ‘सहसंबंधालाच कारण समजलं’, म्हणजे दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एकीला दुसरीचं कारण मानलं, हा पर्याय निवडलास. पण बाळा, कशामुळे काय झालं हा वाद तिथे नव्हताच. तिथे फक्त जर-तर उलटं वाचलं गेलं. माणसं घ्यायला दुसरंही निमित्त असू शकतं.

आपल्या भाषेत या गोष्टीला एक अक्षर आहे. ‘नफा वाढला तर घेते’ म्हणजे नफा ही पुरेशी अट. ‘नफा वाढला तरच घेते’ म्हणजे आवश्यक अट. एलएसॅटमध्ये ‘ओन्ली इफ’ दिसलं की मनात तो ‘च’ लाव. ‘अनलेस’ दिसलं की ‘ते नसेल तर’ असं वाच.

आणि जर-तर म्हणजे कारण नव्हे. आपले नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे जुने पंडित, डोंगरावरचा धूर बघून अग्नी आहे म्हणत. धूर असेल तर अग्नी, हे खरं. पण धुरामुळे अग्नी नसतो, उलट अग्नीमुळे धूर असतो. अग्नी नसेल तर धूर नाही, एवढंच उलटवता येतं. ‘अग्नी आहे म्हणजे धूर असणारच’ म्हणणाऱ्याला हे पंडित तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा दाखवत: अग्नी आहे, धूर नाही.

कारणाचे प्रश्न वेगळे. ‘व्यायाम करणारे शांत झोपतात, म्हणजे व्यायामाने झोप लागते.’ इथे मात्र विचार, की नीट झोपणाऱ्यांनाच व्यायामाची उमेद राहत असेल का? कामाचा ताण कमी म्हणून दोन्ही जमत असतील का? व्यायाम करूनही जागा राहणारा एकजण सापडला, तर हा दावा जरा डळमळतो, कोसळत नाही. ‘जो जो व्यायाम करतो तो झोपतो’ हे विधान मात्र त्या एकट्या माणसाने मोडतं.

ऑगस्ट २०२४ पासून एलएसॅटमधून लॉजिक गेम्स, म्हणजे कोड्यांचा विभाग, गेला. आता गुण मिळणाऱ्या तीन विभागांपैकी दोन याच तर्काचे, प्रत्येकी ३५ मिनिटांचे. म्हणून एवढं लिहिलं. रविवारी चुकलेले प्रश्न जवळ घेऊन बस, मी फोन करते.

तुझी,
आई