सुटलेला एक झेल आणि घेतलेले ६७२

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला अमेरिकन फुटबॉलवरचा लेख वाचला. मराठी वृत्तपत्राने या खेळाला पानभर जागा दिली, याचा मनापासून आनंद झाला. पण न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघाच्या दोन स्लॉट रिसीव्हरांची, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणाऱ्या खेळाडूंची, तुलना वाचून वाईट वाटलं. ज्युलियन एडलमन तीन अजिंक्यपदं, वेस वेल्कर शून्य, म्हणून एडलमन श्रेष्ठ, असा सरळ निकाल लेखात दिला आहे. तो मला मान्य नाही.

स्लॉट रिसीव्हर मैदानाच्या कडेला नाही, तर आत, गर्दीच्या तोंडाशी उभा राहतो. बचावपटू आतली वाट अडवतोय की बाहेरची, हे धावता धावता ओळखायचं आणि उलट बाजूला वळायचं. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकलाही त्याच क्षणी तेच दिसावं लागतं, नाहीतर चेंडू मोकळ्या गवतावर पडतो. क्वार्टरबॅक म्हणून टॉम ब्रेडी दोघांच्याही वाट्याला आला, म्हणून ही तुलना करण्यात अर्थ आहे.

वेल्करने २००७ ते २०१२ या सहा हंगामांत पेट्रियट्ससाठी ६७२ झेल घेतले, त्यातले पाच हंगाम शंभरावर झेलांचे. एडलमनचे अकरा हंगामांत ६२०. दर झेलामागे कमावलेलं अंतर दोघांचं सारखंच, साधारण अकरा यार्ड. एडलमनवर अन्याय नको, म्हणून हेही सांगतो की कॉलेजात तो क्वार्टरबॅक होता, २००९मध्ये नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत सातव्या, म्हणजे शेवटच्या फेरीत निवडला गेला आणि पहिली चार वर्षं बहुतेक वेल्करच्या मागेच थांबला. त्या चार वर्षांत मिळून ६९ झेल. २०१३मध्ये वेल्कर डेन्व्हरच्या संघात गेला, तेव्हाही त्याच्या जागी संघाने डॅनी अमेंडोलाला मोठ्या करारावर आणलं होतं. अमेंडोला पहिल्याच सामन्यात दुखावला आणि एडलमनने त्या हंगामात १०५ झेल घेतले. ५३ जणांचा संघ निवडणाऱ्या जाणत्यांचाही अंदाज असा चुकतो.

२०१७च्या सुपर बोलमधला, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यातला, एडलमनचा झेल मी विसरू शकत नाही. प्रतिस्पर्धी अटलांटाच्या खेळाडूचा हात लागून चेंडू उडाला, तिघे त्यावर पडले, आणि एडलमनने तो एका बचावपटूच्या पायावरून, जमिनीला टेकायच्या आत उचलला. सुटला, पुन्हा पकडला. घरात आम्ही सगळे उभे होतो.

पण २०१२च्या सुपर बोलची इंडियानापोलिसमधली रात्रही मी पाहिली आहे. संघ १७-१५ने पुढे, चारेक मिनिटं उरलेली, वेल्कर मोकळा. चेंडू उंच आला आणि त्याच्या पाठीमागे. हवेतच अंग वळवून त्याने दोन्ही हात लावले, पण चेंडू निसटला. ब्रेडीची फेक नेमकी असती तर तो झेल त्याने डोळे मिटून घेतला असता, असं मला आजही वाटतं. पुढे बचावफळीने प्रतिस्पर्धी न्यूयॉर्क जायंट्सना थेट गोलरेषेपर्यंत जाऊ दिलं आणि सामना गेला, त्याचा जाब मात्र वेल्करला विचारला जातो.

एका रात्रीसाठी एडलमन द्या, मी हरकत घेणार नाही. सबंध हंगामासाठी संघ उभारायचा असेल तर मी वेल्करच घेईन. यापुढे असा तक्ता छापाल तेव्हा अजिंक्यपदांशेजारी दर हंगामाच्या झेलांचाही रकाना द्यावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, मॅसॅच्युसेट्स