प्रश्न विचारून गेलात, उत्तर कधी देणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वेगवेगळ्या विद्याशाखांनी एकत्र यावं, आरोग्य, हॉटेल व्यवसाय, कला यांचा मिळून अभ्यास व्हावा, असं हल्ली वरचेवर छापून येतं. २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण आल्यापासून तर जास्तच. मी मिरजेत दवाखान्यांच्या भागात खानावळ चालवते, वर पेशंटच्या नातेवाइकांसाठी थोड्या खोल्या आहेत. संशोधनाशी माझा संबंध एवढाच, की ते करणारी मुलं फॉर्म घेऊन माझ्याकडे येतात. आता पदवीलाही फील्ड प्रोजेक्टचे क्रेडिट लागतात, त्यामुळे पूर्वी एखाददुसरा यायचा तिथं परीक्षेच्या तोंडावर रांग लागते. कुणी हॉटेल मॅनेजमेंटचं, कुणी समाजकार्याचं, कुणी नर्सिंगचं. मुलं गुणी असतात. चहा घेतात, खुणा करून घेतात, फोटो काढतात आणि जातात. त्या खुणांचं पुढं काय झालं, हे आजवर एकानंही परत येऊन सांगितलेलं नाही.

मागं एका मुलीनं जेवायला बसलेल्या बाईंपुढं कागद ठेवला. बाई जमखंडीकडच्या, नवरा डायलिसिसला. प्रश्न होता, ‘येथील वातावरणाबाबत आपण किती समाधानी आहात? अत्यंत समाधानी, समाधानी, तटस्थ...’ बाईंना मराठी कामापुरतं येतं. त्यांनी कागद उलटसुलट करून बघितला आणि म्हणाल्या, “गरम पाणी पहाटे चारला पायजे, लवकरचा नंबर असतोय. ते लिव्हा की.” त्याला कागदावर रकाना नव्हता. मुलीनं ‘समाधानी’वर खूण केली.

आता मला काय विचारायला हवं होतं, ते सांगते. माझ्याकडून रोज बिनमिठाचे, कमी मिठाचे, साखरेच्या पेशंटचे, किडनीच्या पेशंटचे डबे जातात. दवाखान्यातून मिळालेला आहाराचा कागद नातेवाईक माझ्या हातात देतात. त्यावर लिहिलेलं असतं, सोडियम २ ग्रॅम. स्वयंपाकीणबाईनं त्याचं करायचं काय? २ ग्रॅम सोडियम म्हणजे साधारण ५ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि तोही दिवसभराचा, एका जेवणाचा नव्हे. हे एका आहारतज्ज्ञ बाईंनी उभ्याउभ्या सांगितलं म्हणून मला कळलं. आमटीतलं मीठ कमी केलं तरी पापड, लोणचं आणि भज्यातला सोडा यांतून सोडियम पोटात जातंच, हेही त्यांनीच सांगितलं. ‘कमी सोडियमचं मीठ’ म्हणून जे पुडे मिळतात, त्यांत बऱ्याचदा सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. किडनीच्या पेशंटला ते जिवावर बेतू शकतं. नातेवाईक मात्र तेच पुडे कौतुकानं घेऊन येतात आणि म्हणतात, “मावशी, आजपासून यातच करा.” पोटॅशियम बटाट्यातही असतं, म्हणून किडनीच्या डब्यात बटाटा घालायचाच असेल तर बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायचा आणि ते पाणी फेकून द्यायचं. ही माहिती गावातल्या किती खानावळवाल्यांना आहे? डबा दवाखान्यात पोचल्यावर पेशंट त्यातलं किती खातो आणि किती परत येतं? याचा अभ्यास डॉक्टरी शिकणाऱ्याला एकट्यानं जमणार नाही, हॉटेलवाल्यालाही नाही. दोघांनी मिळून माझ्या चुलीपाशी उभं राहायला हवं.

मिरजेसारखं गाव त्यासाठी शोधून सापडणार नाही. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये इथं मिशन हॉस्पिटल उभं केलं, १९६२ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं. जंक्शन असल्यामुळे कर्नाटकातून पेशंट येत राहिले आणि त्यांच्या माणसांना जेवूखाऊ घालून आमच्यासारख्यांचे संसार उभे राहिले. त्याच गावात सतार आणि तंबोरे घडतात. २०२४ मध्ये या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं.

कला आणि आरोग्य म्हटलं की लोकांना वॉर्डात गाणी लावणं आठवतं. ते चुकीचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयानं २०१९ मध्ये जो आढावा घेतला, त्यात कलेचा प्रकृतीला उपयोग होतो का, यावरच्या तीन हजारांहून अधिक अभ्यासांची दखल होती. पण मिरजेत आधी उलट बाजूनं सुरुवात करावी, वाद्य घडवणाऱ्याच्या प्रकृतीपासून. हे कारागीर दिवसभर जमिनीवर वाकून बसतात, लाकडाचा भुसा नाकातोंडात जातो, पॉलिशचा वास वेगळाच. कण्याचं आणि छातीचं काय होतं, ते तपासणारे डॉक्टर इथंच, गावातच आहेत.

आणि कानाचं? जवारी लावताना, म्हणजे तारेला झणकार यावा म्हणून, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी कानसानं किंचित घासायची, तार छेडून ऐकायची, परत घासायची, असं चालतं. सगळा खेळ त्या वरच्या, बारीक झणकाराचा असतो. वय झालं की माणसाला आधी वरच्याच पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात, हे कानाचा कुठलाही डॉक्टर सांगेल. मग साठी ओलांडलेले कारागीर अजून जवारी कशी लावतात? बोटांना कळतं, की सवयीच्या कानाला कमी ऐकूनही पुरतं? मी गाण्यातली नाही, पण हा प्रश्न मला कित्येक प्रबंधांच्या नावांपेक्षा मोलाचा वाटतो. त्यासाठी कानाचे डॉक्टर, भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आणि कारागीर एका खोलीत बसायला हवेत.

असं आपल्याकडं कधी झालंच नाही असंही नाही. शंभर वर्षांपूर्वी आपल्याच भागातले निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल, क्लेमंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश आणि गवई अब्दुल करीम खाँ यांनी मिळून बावीस श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या बारीक स्वरांची, मोजमापं करण्याचा खटाटोप केला होता. देवलांचं त्यावरचं पुस्तक १९१० मध्ये निघालं. पुढं मोठमोठ्या जाणकारांनी त्यांचे निष्कर्ष मानले नाहीत, ती गोष्ट वेगळी. पण गाणारा माणूस त्यात केवळ फॉर्म भरून देणारा नव्हता.

माझी मागणी साधी आहे. वैद्यकीय संशोधनात माणसाची संमती घेताना त्याला कळेल अशा भाषेत सगळं समजावून सांगावं लागतं, तसा नियमच आहे. मग निष्कर्ष सांगतानाही तोच नियम का नको? पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’ या वेबसाइटवर फुकट वाचायला मिळतात म्हणे. भाच्यानं मला मोबाइलवर उघडून दाखवले. शेकडो पानं, बहुतेक इंग्रजीत. ते मी कधी वाचायचं, भाकऱ्या झाल्यावर? शिवाजी विद्यापीठानं, साताऱ्याच्या कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठानं, कऱ्हाडच्या कृष्णा विश्व विद्यापीठानं एवढंच ठरवावं, की ज्यांना प्रश्न विचारले त्यांना मराठीत दोन पानं लिहून पोचती केल्याशिवाय प्रोजेक्टचे गुण द्यायचे नाहीत. सीमेवरच्या पेशंटसाठी कानडीतही द्यावीत. पत्रकं वाटणं हे संशोधकाचं काम नव्हे, असं कुणी म्हणेल. मग माझ्या गिऱ्हाइकांचं जेवण थांबवून फॉर्म भरून घेणं तरी कुणाचं काम आहे?

डब्यांची माझी एक वही आहे. नावं नाहीत, नुसती पथ्यं, काय दिलं आणि काय परत आलं. अभ्यासाला हवी त्याला देईन, पण निष्कर्ष मराठीत आणून देणार असं आधी लिहून द्यावं लागेल. दुपारी तीन ते पाच या वेळेत यावं. सकाळी अकराला येऊ नये, तेव्हा डबे भरायचे असतात.

आपली,
एक खानावळवाली, मिरज (जि. सांगली)